दिल्ली ते काठमांडू : अंतर एक, वेळा दोन

दिल्ली आणि काठमांडू या दोन राजधान्यांमधील हवाई अंतर सुमारे ८१५ किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पाठीवरील दोन स्थळांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा त्यांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा कंस असतो, आणि अक्षांश-रेखांश हाती असले म्हणजे तो मोजणे कोणाही विद्यार्थ्याला साधण्याजोगे आहे. परंतु जेट विमानाच्या ताशी ८३० किलोमीटर या वेगाने त्या अंतराला भागून येणारा, तासाहून किंचित कमी असा वेळ वेळापत्रकात काही आढळत नाही.

वेळापत्रक वाचतानाही प्रथम एक खुलासा ध्यानी घ्यावा लागतो. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखांशावर आणि नेपाळची ८६°१५' रेखांशावर बेतलेली असून, एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे नेमके १५ मिनिटे चालते. समजा, विमान दिल्लीहून १० वाजता निघून काठमांडूला १२ वाजता पोहोचले आणि तेथून १ वाजता सुटून पावणेतीनला दिल्लीस परतले. तर कागदावर जाण्यास दोन तास आणि येण्यास पावणेदोन तास दिसतात, वास्तविक मात्र जाण्यास पावणेदोन आणि येण्यास पूर्ण दोन तास लागलेले असतात.

परतीचा हा विलंब वाऱ्यामुळे होतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिण अंगाने, १० ते १२ किलोमीटर उंचीवरून, एक प्रबळ वायुप्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो. तो ताशी १२० किलोमीटर धरला, तर पूर्वेस जाणाऱ्या विमानाचा भूमीसापेक्ष वेग ९५० होतो आणि पश्चिमेस येणाऱ्याचा ७१० उरतो, म्हणजे तेच अंतर एकदा ५१ मिनिटांचे, तर एकदा ६९ मिनिटांचे ठरते. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि जाण्यायेण्यातील तफावत कमी होते.

याखेरीज, सरहद्द वाटेल तेथून ओलांडण्याची मुभा विमानास नसते. उभय देशांच्या संमतीने मुक्रर झालेल्या वायुमार्गानेच त्यास जावे लागते, आणि तो मार्ग बृहद्‌वृत्ताहून लांब पडतो. शेवटी येते ती काठमांडूची दरी. समुद्रसपाटीपासून १,३३८ मीटर उंचीवरच्या त्रिभुवन विमानतळास धावपट्टी एकच आहे आणि चोहोबाजूंनी डोंगर आहेत. म्हणून दक्षिणेकडून येणाऱ्या विमानास ठराविक अंतरावर ठराविक उंची राखीत, जणू जिन्याच्या पायऱ्यांनी, खाली उतरावे लागते, आणि गर्दी असल्यास वा पहाटेचे धुके न विरल्यास आकाशातच घिरट्या घालीत पाळीची वाट पाहावी लागते. या शिस्तीचे मोल काय, हे २८ सप्टेंबर १९९२ रोजी कळून आले : कराचीहून आलेले विमान प्रत्येक टप्प्यावर नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरत गेले, डोंगरावर आदळले, आणि त्यातील सर्व १६७ माणसे प्राणांस मुकली.

तेव्हा दोन शहरांमधील अंतर हा भूमितीचा विषय असला, तरी प्रवासाचा काळ वारा, पर्वत आणि राज्यांचे करारमदार मिळून ठरवितात. वाचकांनी तिकिटावरील वेळ वाचताना १५ मिनिटांचा फरक तेवढा अवश्य जमेस धरावा, आणि दरीवर घिरट्या घालणाऱ्या विमानात बसण्याचा प्रसंग आल्यास त्या अवधीबद्दल तक्रार करू नये. तो प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीच खर्ची पडत असतो.