गोवर उतरला, पुढें काय?

आमच्या बीड जिल्ह्यांत कपिलधार हें मन्मथस्वामींच्या समाधीचें स्थान आहे. तेथील धबधब्यापाशीं मी एकदां शाळेचीं मुलें सहलीस नेलीं होतीं. एका दहा वर्षांच्या मुलाच्या ओंजळींतलें पाणी तीन वेळां सांडलें. हिसका बसावा तसे त्याचे हात मध्येंच उडत. वर्गांतहि त्याची लेखणी गळून पडे, अक्षर बिघडलें होतें आणि पाठ असलेले पाढे तो विसरूं लागला होता. मीं त्यास खोडकर ठरविलें व सर्वांदेखत शिक्षा केली.

पुढें तो अंथरुणास खिळला, तेव्हां डॉक्टरांनीं त्याच्या आईस विचारलें, "लहानपणीं गोवर आला होता काय?" आला होता, तेव्हां तें मूल वर्षाचेंहि नव्हतें.

पुरळ मावळला, ताप उतरला, कीं आपण निश्चिंत होतों. परंतु क्वचित् गोवराचा विषाणु रूप पालटून मेंदूंत दडून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनीं तेथें मंद दाह पेटवितो. प्रथम अभ्यास व स्वभाव बिघडतो. मग अंगास झटके येतात. शेवटीं चालणें व बोलणें थांबतें. डॉसन यांनीं १९३३ सालीं अशा मेंदूचें वर्णन केलें, आणि १९६९ सालीं रोग्यांच्या मेंदूंतून गोवराचाच विषाणु मिळाला. या रोगास एस. एस. पी. ई. म्हणतात.

कॅलिफोर्नियांतील १९९८ ते २०१५ च्या नोंदींवरून, पांच वर्षांच्या आंत गोवर आलेल्या सुमारें १४०० मुलांमागें एकास, तर पहिल्या वर्षांतच आलेल्या सुमारें ६०० मुलांमागें एकास हा रोग झाल्याचें दिसलें. औषधांनीं झटके कमी होतात, क्वचित् रोगाची गति मंदावते. पण तो समूळ बरा होत नाहीं.

प्रत्येक झटका याच रोगाचा असतो असें नव्हे. अपस्माराचे किंवा संधिवाताच्या तापानंतरचेहि असूं शकतात, व त्यांवर चांगले उपचार आहेत. म्हणून छडीपूर्वीं डॉक्टर.

या रोगापासून खरें संरक्षण लसच देते. आपल्या देशांत ती १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणांत आहे. पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. तरीहि २०२२ सालीं मुंबईंत गोवंडी भागांत गोवर पसरला, व त्यांत लस न घेतलेलीं मुलें पुष्कळ होतीं.

त्या मुलाची क्षमा मागावयाची माझ्याकडून राहून गेली. आपण एवढें करा: घरच्या बाळाचें लसीकरणाचें कार्ड आज रात्रींच काढून पाहा आणि दुसऱ्या मात्रेची नोंद आहे ना, याची खात्री करून घ्या.