लिनक्स सर्व्हरवर लॉगिन कोणाला?

लिनक्स सर्व्हर कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला जोडला, की पासवर्डची शहानिशा डिरेक्टरी करते. पण पासवर्ड बरोबर असणे आणि त्या सर्व्हरवर लॉगिनची परवानगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीचा निर्णय ‘पॅम’ या लिनक्सच्या लॉगिन-तपासणी यंत्रणेच्या ‘अकाउंट’ टप्प्यात होतो. लॉगिन मर्यादित करताना हे लक्षात घ्या :

● एसएसएसडी (डिरेक्टरीशी संपर्क ठेवणारी सेवा) : ‘अ‍ॅक्सेस प्रोव्हायडर’ला ‘सिंपल’ हे मूल्य देऊन परवानगीच्या यादीत हवा तोच गट लिहावा. सगळ्या याद्या रिकाम्या राहिल्या, तर सर्वांनाच मुभा मिळते.

● रिअल्मडी (सर्व्हर डिरेक्टरीला जोडणारे साधन) : आधी ‘रिअल्म डिनाय’ने सर्वांना बंदी, मग ‘रिअल्म परमिट’ने ठरावीक गटाला परवानगी.

● एसएसएच : ‘अलाउ ग्रुप्स’ ही ओळ एसएसएचपुरतीच चालते; सर्व्हरसमोर बसून केलेले लॉगिन ती अडवत नाही.

● एसएसएच की : की वापरणाऱ्याला पासवर्ड विचारला जात नाही. ‘यूज पॅम’ चालू असेल, तरच एसएसएसडीचा नियम त्यालाही लागू होतो.

परवानगी एकेका नावाला न देता गटाला द्या. माणसाची बदली झाली, तर त्याला गटातून काढले की पुरते. सेटिंग बदलताना रूटचे एक सत्र उघडे ठेवा. शेवटी गटाबाहेरच्या खात्याने लॉगिन करून पाहा. नकार मिळाला, तरच काम पूर्ण समजा.