ऊन रग्गड, तरी इन्व्हर्टर लाइटच ओढतोय?

परभणीत वसमत रोडला एका काकांकडे गेलो होतो. छतावर पॅनल, खाली बॅटरी, भर दुपारचं ऊन. तरी मीटर पळतंय. "पॅनलच बोगस निघाले," काका वैतागले होते.

पॅनल ठणठणीत होते. बॅटरीवाल्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये कंपनीतून येतानाच 'युटिलिटी फर्स्ट' सेटिंग असतं. म्हणजे आधी लाइट, ती गेली की मग सोलर आणि बॅटरी! ते 'एसबीयू' करायचं: आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी लाइट.

चार्जिंगचं सेटिंग वेगळं असतं, हे बहुतेक जण विसरतात. तिथे 'सोलर आणि युटिलिटी' असेल तर बॅटरी लाइटवरही भरत राहते. 'ओन्ली सोलर' करा. पावसाळ्यात मात्र परत बदला, नाहीतर बॅटरी उपाशी राहील.

एवढं करूनही मोटार सुरू केली की इन्व्हर्टर लाइटवर जातो? मोटार उचलताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर पडतं. 'बॅक टू ग्रिड' व्होल्टेज फार वर ठेवलं असेल तर तेवढंही पुरतं. ते किती ठेवायचं, हे बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम यावर ठरतं. अंदाजाने खाली आणू नका.

सेटिंग बरोबर असूनही सोलर कमी पडत असेल, तर उष्णताही कारण असते. आपल्याकडच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतात. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेली.

सूर्यघर योजनेतलं बिनबॅटरीचं ऑन-ग्रिड सोलर असेल, तर रात्री महावितरणची वीज येणारच. तो बिघाड नाही.

अडलं तर इन्व्हर्टरचं मॉडेल आणि बॅटरीचा प्रकार कमेंटमध्ये लिहा, बघू.