पटावरचे नाव, नाक्यावरचे नाव

कांदिवली पूर्वेला, दामूनगरच्या चढावर, आम्ही काही जण संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. बुद्धविहाराची एक खोली, दोन सतरंज्या, एक ट्यूबलाइट, एवढाच पसारा. त्या वर्गातला एक मुलगा नववीत असताना यायचा बंद झाला. आठ महिन्यांनी तो मला दिसला तो डोंगरीच्या निरीक्षणगृहात. मोटारसायकलवरून मोबाईल हिसकावणाऱ्यांत तो मागे बसलेला होता. त्याच्या आईबरोबर मी भेटायला गेलो आणि मास्तरी थाटात विचारले, "का रे, असं का केलंस?" तो म्हणाला, "सर, मी येत नव्हतो तवा तुमी तरी कुठं आलता इचारायला?"

हा लेख मी त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

मुले टोळीत का जातात, असे विचारले की उत्तर तयारच असते: गरिबी, दारुडा बाप, सिनेमा. पांढरपेशा समाज तर 'झोपडपट्टी' हा शब्द उच्चारूनच कारण सांगून मोकळा होतो. पण गरिबी एवढेच कारण असते तर आमची सगळी वस्ती टोळीत असती. एकाच नळावर हंडे लावणाऱ्या दहा मुलांतला एक जातो. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची खोड ह्या देशाला जुनीच आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण शिक्का राहिला. त्या शिक्क्याखाली बालपण कसे जाते हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली मराठी वाचकाला दाखवले. तेव्हा जातीकडे किंवा वस्तीकडे बोट दाखवून भागणार नाही. त्या एका मुलाची वाट तपासावी लागेल.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या अभ्यासकाने १,३१३ टोळ्यांची पाहणी करून १९२७ साली ग्रंथ लिहिला. टोळीची सुरुवात गुन्ह्याने होत नाही, ती मुलांच्या खेळगटाने होते, आणि घर, शाळा, काम ह्यांची पकड जिथे सुटते त्या फटीत तो गट टोळी बनतो, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या मुंबईने ही फट १९८२ नंतर पाहिली. १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्याआधी बाप मुलाला बदली कामगार म्हणून खात्यात लावून द्यायचा. पोराला उद्याचे काहीतरी ठाऊक असायचे. संप चिघळला, हजारो कामगार कायमचे बाहेर पडले आणि गिरणगावातल्या तरण्या पोरांपुढे नाका तेवढा उरला. टोळ्यांना माणसे शोधावी लागली नाहीत.

आमच्याकडे ही फट चौदाव्या वर्षी पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. नववी म्हणजे नवी शाळा, नवी फी, नवे कागद. ह्या मुलाच्या घरचे कागद डिसेंबर २०१५ च्या दामूनगरच्या आगीत गेले होते. सिलिंडर फुटत गेले आणि शेकडो झोपड्या जळाल्या, तेव्हा माणसे पोरे घेऊन पळाली. पेटी कोण उचलणार? जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याला शाळेचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याने आज्याचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? तरी एका खासगी शाळेत प्रवेश मिळाला. तिथे वर्गशिक्षक "सवलतवाले उभे राहा" म्हणायचे. तो दोन महिने उभा राहिला आणि मग जायचा थांबला. शाळेने नियमाप्रमाणे पटावरून नाव कमी केले.

नाक्यावर त्याला नवे नाव मिळाले. बारक्या. तिथे कुणी आडनाव विचारले नाही.

पुढचे टप्पे सगळीकडे सारखेच असतात. आधी वडापाव, दहीहंडीचा टी-शर्ट, मोबाईलचे रिचार्ज. मग "जरा हा निरोप दे". मग "हे पाकीट रात्रभर ठेव". तोवर पोरगा उपकाराखाली दबलेला असतो. दहीहंडीत सगळ्यांत वर लहान पोराला चढवतात, कारण ते हलके. टोळीही लहानाला पुढे करते, कारण कायदा त्याच्यावर हलका आहे असे तिला वाटते. "तू छोटा आहेस, तुला काय होत नाय," हे भाईचे वाक्य मी तीन मुलांच्या तोंडून ऐकले. ते अर्धे खोटे आहे. बाल न्याय कायद्यात २०१५ साली बदल झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. त्याच कायद्याच्या ८३ व्या कलमात मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. मुले पकडलेली मी पाहिली. ह्या कलमाखाली भाई आत गेलेला माझ्या पाहण्यात नाही. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी हे कलम पाठ करावे आणि पोलीस ठाण्यात त्याचा आग्रह धरावा.

पण कलम लागते ते मूल गेल्यानंतर. त्याआधीचे काम आपले आहे, आणि तिथे आपण कमी पडलो. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि महार हॉकी क्लबही चालवला. तरुण पोरे जुगार-दारूकडे वळू नयेत म्हणून हॉकी! आज आमच्या नाक्यावर हॉकीची काठी दिसते ती मारामारीच्या दिवशी. जयंतीला आपण डीजेवर जेवढी वर्गणी उडवतो तेवढ्यात वर्षभर संध्याकाळचे मैदान आणि वाचनालय चालेल. आणि त्याच पोरांना बॅनर बांधायला, मोर्चात पुढे धावायला आपणही वडापाववर वापरतोच की. भाईत आणि आपल्यात त्या पोराने फरक कसा करायचा?

आम्ही आता एकच नियम केला आहे. मूल तीन दिवस आले नाही की त्याच संध्याकाळी कुणीतरी घरी जायचे. रागवायला नाही, फी अडली का, दाखला अडला का, वर्गात कोण काय बोलले, एवढे विचारायला. हे काम कंटाळवाणे आहे. त्याचा अहवाल होत नाही, फोटोही निघत नाही. आठवी सुटलेल्या मुलांची यादी जूनमध्येच करतो आणि नववीचे नाव लागेपर्यंत ती भिंतीवर ठेवतो.

तो मुलगा सुटून आला तेव्हा मी त्याला वर्गात घेऊन आलो. दोन आयांनी आपली पोरे काढून घेण्याची धमकी दिली. "आमची बी बिघडतील." त्यांची भीती खोटी नव्हती. विहारात दोन बैठका झाल्या. एक जण उठून गेली, दुसरी म्हणाली, "बसू दे, पर दाराजवळ." तो दाराजवळच्या सतरंजीवर बसतो. नाक्यावरून अजून शिट्टी येते, तेव्हा त्याची मान वळते. दहावीला बाहेरून बसण्यासाठी त्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आहे. फॉर्मवर त्याने आपले पूर्ण नाव स्वतः लिहिले. आडनाव लिहिताना जरा थांबला. शाळा सोडल्याचा दाखला अजून मिळायचा आहे, त्यासाठी सोमवारी त्या शाळेत मी आणि त्याची आई जाणार आहोत.