माळवदाच्या घरातील नवे वायरिंग

परभणी जिल्ह्यात, पूर्णा–नांदेड लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. या भागातील जुने घर म्हणजे बहुधा माळवद : मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर मातीचे सपाट छत. अशा घरांत भिंत न फोडता लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी वायर बसवीत. वायरवरील रबर काही दशकांत कडक होऊन तडकते. पावसाळ्यात माळवद गळले की ओल तेथवर पोचते, आणि शेजारी तर लाकूडच! म्हणून जुनी वायर बदलायलाच हवी. पण तेवढ्याने काम संपते का?

आधी भार पाहू. पूर्वी ६० वॅटचे दोन दिवे, ४० चा एक आणि ७० वॅटचा पंखा, मिळून २३० वॅट. म्हणजे २३० व्होल्टला १ अँपिअर. आता त्याच वायरवर १५०० वॅटचा पाणी तापवण्याचा रॉड आणि १००० वॅटची इस्त्री आली, की धारा सुमारे १२ अँपिअर होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा १२ पट, तर वायरमधील उष्णता जवळजवळ १४० पट! फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घातली, तर फ्यूजचे काम तुळईवरील वायरला करावे लागते. नव्या कामात दिव्यांना १.५ आणि रॉडच्या सॉकेटला २.५ किंवा ४ चौ.मि.मी. तांब्याची वायर घालून प्रत्येकीला योग्य क्षमतेचा वेगळा एम.सी.बी. द्यावा.

खरी उणीव मात्र अर्थिंगची असते. जुन्या फिटिंगमध्ये बहुधा दोनच वायरी असतात. वायरमन तीन छिद्रांचा सॉकेट बसवतो आणि तिसरे छिद्र नुसते शोभेला राहते. काही जण ते न्यूट्रलला जोडून देतात. हे तर अधिक वाईट, कारण न्यूट्रल तुटला की इस्त्रीच्या पत्र्यातच वीज उतरते.

समजा, अर्थिंग आहे आणि गळतीच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे. दोष होताच २३० ÷ ५ = ४६ अँपिअर धारा वाहते आणि ५ अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळतो. पण इकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, खड्ड्यातील पट्टीपासून सुटते. रोध ५० ओहम झाला तर धारा ४.६ अँपिअरच. फ्यूज शाबूत, पत्रा मात्र विजेने भारलेला! वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात, ते का, हे मग सांगावे लागत नाही.

येथेच आर.सी.सी.बी. उपयोगी पडतो. जाणारी आणि परतणारी धारा तो ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर होताच घरातील वीज तोडतो, वरील ४.६ अँपिअरची गळती तर त्याच्या दीडशे पट आहे. जास्त भार मात्र त्याला कळत नाही, म्हणून एम.सी.बी. लागतोच. दोन्ही परवानाधारक व्यक्तीकडूनच बसवून घ्यावेत. आर.सी.सी.बी.वर चाचणीचे छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे; वीज गेली नाही, तर तो त्याच दिवशी बदलायला सांगावा.