धावपट्टीच्या कडेचा बंब

‘बंब’ हा शब्द आपल्या घरात दोन वाटांनी आला. एक बंब न्हाणीघरातला, तांब्याचा, सकाळी धूर सोडणारा. दुसरा रस्त्यावरचा, लाल, घंटा वाजवीत धावणारा. या शब्दाचे मूळ पोर्तुगीज भाषेतल्या पंपवाचक ‘बोंबा’ या शब्दाकडे नेले जाते. पण या दोहोंखेरीज तिसराही एक बंब असतो आणि तो फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. तो गावात येत नाही, घंटा वाजवीत नाही. लष्करी विमानतळाच्या धावपट्टीपाशी तो इंजिन तयार ठेवून उभा असतो. विमान सुखरूप उतरले की त्याचा दिवस संपतो. ज्याचे काम ‘काही घडले नाही’ याच शब्दांत मोजायचे, त्याचा इतिहास लिहायचा कसा?

इगतपुरीत बसून हा प्रश्न विचारणे काहींना विचित्र वाटेल. इगतपुरी म्हणजे रेल्वेचे गाव, धुक्याचे गाव. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत उतरलेले सैन्य आणि सामान नाशिककडे निघाले, की ते याच दारातून जात असे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. सुमारे पंधरा किलोमीटरांत गाडी तीनशे मीटर वर चढते. चढ सदतीसास एक असा खडा. इथून पुढे चाळीसेक किलोमीटरवर देवळाली. तिथल्या छावणीत हजारो गोऱ्या शिपायांनी मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहिली. कंटाळून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले, ते याच देवळालीवरून.

घाटातल्या लोकांना धावपट्टीवरच्या बंबाचे मोल पटकन कळावे, याला आणखी एक कारण आहे. कसाऱ्याला गाडीच्या मागे जोडली जाणारी बँकर इंजिने इगतपुरीच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाहिली आहेत. गाडीचे नाव असते, पुढच्या इंजिनाचा फोटो निघतो. मागून रेटणारा बँकर वर आला की सुटा होऊन मुकाट्याने परततो. जगातली बरीच यंत्रे अशी बँकरच्या जातीची असतात.

आता मूळ विषयाकडे वळू. शहरातला बंब आणि विमानतळावरचा बंब यांत मोठा फरक आहे. शहरात रस्त्याखाली पाण्याचा नळ असतो. धावपट्टीच्या टोकाला तो असेलच असे नाही. म्हणून तिथला बंब आपले पाणी आणि फेस पाठीवर घेऊन निघतो. पेटलेल्या पेट्रोलवर नुसते पाणी मारले तर पेट्रोल वर तरंगते आणि आग पसरते. फेसाचा थर मात्र आगीवर गोधडीसारखा पसरून हवा तोडतो. शिवाय वेळ फार थोडा असतो. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा. इंधनाची आग तो पाहता पाहता भेदते. म्हणूनच आजचा आंतरराष्ट्रीय नियम असा, की बंबाने तीन मिनिटांच्या आत, शक्यतो दोनच मिनिटांत, धावपट्टीवर कोठेही पोहोचले पाहिजे.

ब्रिटिश हवाई दलाने युद्धकाळात यासाठी क्रॉस्ले, फोर्डसन, ऑस्टिन या कंपन्यांच्या सहा चाकी मालमोटारींवर बंब बांधून घेतले. मूळची मालमोटारच, तिच्यावर टाकी, पंप, फेसाची सोय आणि जळत्या विमानात शिरणाऱ्यांसाठी ॲस्बेस्टॉसचे पोशाख. युद्धानंतर थॉर्निक्रॉफ्ट आणि अल्विस यांची गाडी आली. अल्विसची ‘सॅलॅमँडर’ तर चिलखती गाडीच्याच सांगाड्यावर बेतलेली, सहाही चाकांना ताकद असलेली, चिखलातून धावणारी.

आपल्याकडेही या यंत्रांची गरज होती. पुण्याचे लोहगाव १९३९ सालचे, मुंबईच्या संरक्षणासाठी उभारलेले. सांताक्रूझचा तळही युद्धातलाच. या तळांवर विमाने होती, म्हणजे बंबही होतेच. मग त्यांचा माग का लागत नाही?

एक कारण कागदांच्या स्वभावात आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक तुकडीला ‘फॉर्म ५४०’ नावाची दैनंदिनी ठेवावी लागे. त्यांतल्या पुष्कळ दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण लिहिणाऱ्याच्या लेखी महत्त्व विमानाला, वैमानिकाला, हवामानाला. बंबाचा उल्लेख येणार तो अपघात झाला तरच. दुसरे कारण ‘डिस्पोजल’. युद्ध संपले आणि लष्कराचा जादा माल लिलावात निघाला. जीप, लॉरी, तंबू, दुर्बिणी, बूट – ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दच त्या काळच्या मराठीत रुजला. लिलावात गेलेल्या गाडीचा रंग बदलतो, टाकी उतरते, सांगाड्यावर लाकडाचा हौदा चढतो. आग विझवणारी गाडी उसाची वाहतूक करू लागली, तर तिला ओळखायचे कोणी?

तरीही ओळखीच्या खुणा उरतात. जुन्या फोटोत बंब कोपऱ्यात असतो, कारण फोटो विमानाचा असतो. पण रेडिएटरची जाळी, चाकांची संख्या, दारावरचा नंबर यांवरून जाणकार कंपनी आणि साल सांगू शकतो. सर्वांत चिवट खूण मात्र आजही वापरात आहे. होज जोडायची अडीच इंची झटपट जोडणी ब्रिटिश घडणीची. आपल्याकडे ती त्रेसष्ट मिलिमीटर या नावाने चालू राहिली. साम्राज्य गेले, बंब गेले, जोडणी मात्र राहिली!

यंत्रांची नोंद नाही याची खंत कशाला, माणसांचीच नोंद मोलाची, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्राची गोष्ट पुसली की माणसाचीही अर्धी पुसली जाते. १४ एप्रिल १९४४ आठवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, कापसाच्या गासड्या, सोने आणि हवाई दलासाठी खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमाने. दुपारी आग दिसली, बंब आले, जवान पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन मानला जातो. जवान शूर होतेच. पण त्यांच्या हातात कोणती साधने होती, पहिल्या फेरीत किती बंब गेले, जहाजात स्फोटके आहेत ही वर्दी कधी पोहोचली, हे विचारल्याखेरीज त्या शौर्याची किंमत आणि त्यातला धडा दोन्ही कळत नाहीत. नुसता हार घालून स्मृती राहते, धडा राहत नाही.

हा धडा आजही जिवंत आहे. युद्धकाळातला फेस खुरे, शिंगे, रक्त यांतल्या प्रथिनांपासून होत असे. त्याला दुर्गंधी फार. पुढे १९६०च्या दशकात पाण्यावर पातळ पापुद्रा पसरवणारा नवा फेस आला. त्याने इंधनाची आग झटकन विझे, म्हणून जगभरच्या विमानतळांनी तो स्वीकारला. त्यातली फ्लोरिनयुक्त रसायने मातीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकतात, हे आता सिद्ध झाले आहे. अनेक देशांत सराव-मैदानांखालचे भूजल त्यांनी दूषित झालेले आढळले. ॲस्बेस्टॉसच्या पोशाखांची कथा तर आपण जाणतोच. म्हणजे कोणत्या तळावर, कोणत्या वर्षी, कोणत्या बंबातून काय फवारले गेले, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकाचा उरत नाही. तो विहिरीच्या पाण्याचा आणि निवृत्त जवानाच्या फुप्फुसाचा प्रश्न होतो. अशा वेळी जुनी लॉगबुके रद्दीत गेली असतील, तर उत्तर कोठून आणायचे?

नाशिक जिल्हा या इतिहासाला परका नाही. ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, नाशिक रोडला सैन्याच्या हवाई दलाचे प्रशिक्षण चालते. अहिल्यानगरला १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय झाले, ते पाहायला लोक दुरून येतात. रणगाड्याला जे भाग्य लाभले ते बंबाला का लाभू नये? त्यासाठी मोठा निधी लागेलच असे नाही. देवळाली, भगूर, इगतपुरीच्या घरांत आजोबांचे सेवापुस्तक असेल, मागे पेन्सिलीने तारीख टाकलेला फोटो असेल, एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात पितळी जोडणी पडलेली असेल. ते मोडीत घालण्यापूर्वी त्यावरचा नंबर उतरवून घ्यावा, फोटोतल्या माणसांची नावे सांगणारे कोणी हयात असेल तर लिहून ठेवावीत. इतिहासाचे पुष्कळसे काम अशा मागून रेटणाऱ्या हातांनीच होते. घाटावरच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.