पंखा निवडावा ओझं पाहून

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये नदी त्यांच्या कितीतरी वर चढली. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं पाण्यात गेली आणि रबरी बोटी माणसं काढायला धावल्या. त्या बोटींच्या मागे, पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण भरलेली बोट धारेविरुद्ध पुढे सरकणार की जागीच घुरघुरणार, हे पुष्कळसं त्याच्यावरच ठरतं.

घाट उतरून मालवण-देवगडला गेलं की छोट्या फायबर होड्यांवरही अशीच आउटबोर्ड मोटर दिसते. तिच्या पंख्यावर दोन आकडे असतात. 15 अश्वशक्तीच्या मोटरीवर 9¼ × 10 हे माप नेहमीचं. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, जराही न घसरता, जितका पुढे जाईल तितकं अंतर. पाण्यात तो घसरतोच. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेत असेल आणि गिअर पंख्याचा वेग निम्मा करत असेल, तर 10 पिचवर हिशेबाने ताशी सुमारे 42 किलोमीटर निघतात. जाळी, बर्फ आणि चार माणसं घेतलेली होडी त्याच्या जवळपासही जात नाही.

फसगत होते ती इथेच. जास्त पिच म्हणजे जास्त वेग, असं वाटून लोक मोठा आकडा घेतात. रिकामी होडी पळतेही. माल भरला की इंजिन दबतं, फेरे चढत नाहीत, आतली उष्णता वाढते, कार्बन साचतो आणि पेट्रोल जळूनही काम होत नाही. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं. ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन चढावर लागला की खालचा गिअर टाकतात, तशीच ही निवड आहे. होडीत रोजचं वजन भरावं, पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि टॅकोमीटर पाहावा. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा 5000 ते 6000च्या दरम्यान, काटा वरच्या बाजूला टेकला पाहिजे. खाली राहिला तर पिच कमी करावी. एका इंचामागे साधारण 200 फेरे वाढतात.

मोठा स्क्रू म्हणजे जास्त वेग नव्हे, हे फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याला 1837 मध्ये अपघातानेच कळलं. लंडनच्या कालव्यात त्याच्या बोटीचा लांबलचक लाकडी स्क्रू अर्धा तुटला, आणि बोट आधीपेक्षा जोरात निघाली!

कोल्हापूरला आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद पाचेक टक्क्यांनी घटते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने बोटही किंचित जास्त बुडते. किनाऱ्यावर नीट चाललेला पंखा इथे जड पडू शकतो. बचावाच्या बोटीला वेगाचं काम नाही, रेट्याचं आहे. तिला कमी पिचचा, शक्य तर चार पात्यांचा पंखा द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

धातूचाही विचार हवा. बुडालेल्या शिवारात पाण्याखाली ऊस, तारेचं कुंपण, पंपाचे पाइप असतात. स्टेनलेसचं पातं सहजासहजी वाकत नाही, पण बसलेला धक्का सरळ गिअरपर्यंत जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं आणि बहुतेक वेळा महागाचा गिअरबॉक्स वाचवतं. आतलं रबरी बुश किंवा छोट्या मोटरीतली शिअर पिन त्याचसाठी असते. म्हणून बोटीत जादा पंखा, पिना आणि पाना हवेतच. वाकलेलं पातं हातोडीने अंदाजाने सरळ करू नये. सगळ्या पात्यांचा कोन जुळला नाही तर थरथर सुरू होते आणि शाफ्टची बेअरिंग खराब होते. उद्यमनगर आणि शिरोलीच्या ओतकाम जाणणाऱ्या कारागिरांना हे वेगळं सांगायला नको; हे काम त्यांच्याकडे द्यावं.

मासेमाराने एक सवय कधी सोडू नये. अधूनमधून पंखा काढून मागे नायलॉनचा दोरा गुंडाळला गेलाय का ते पाहावं. तो सील कापतो, पाणी आत शिरतं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं, तर मोटर त्याच दिवशी उघडावी.